गच्चीवरचं वावर

अकोल्याच्या स्टँडवर चारुता गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक सासू-सून होत्या. त्यांच्या गावाकडची एक बाई समोर येऊन थांबली.

"मैनाबाई, जानराव कुठी हायेत?"

"वावरात."

"वावर तं तुमी इकलं ना?"

"गच्चीवरचं. रंगाच्या रिकाम्या डब्यात वांगे लावले होते, त्यालेच ते वावर म्हनत."

"अस्सं! माहा रामराम सांगजा त्यायले."

"सांगतो."

बाई अमरावतीच्या गाडीत चढली.

"आई, काहून खोटं बोलल्या? बाबाची तेरवी झाली ना परवा."

"खोटं नाई, पौर्णिमा. माही राख वावरात टाका म्हनत होते. इकलेल्या वावरात कोन टाकू देते?"

"राख तं नदीत सोडली ना?"

"त्यातली मूठभर म्या ठेवली होती. डब्यातल्या मातीत मिसळली."

"कोन्या डब्यात?"

"कोपऱ्यातल्या. त्या झाडाचे वांगे आता तोडू नको."