कुंकू लागलेली शंभराची नोट

नव्या नोटांचं बोलणं निघालंय म्हणून सांगतो. आमच्या मंडळींची एक शंभर डॉलरची नोट होती. जुनी, छोट्या चेहऱ्याची. मुलाने अमेरिकेतल्या पहिल्या पगारातली दिलेली. दर लक्ष्मीपूजनाला ती पाटावर ठेवून मंडळी तिला हळदकुंकू लावायच्या. त्या गेल्या आणि नोट माझ्या पाकिटात आली.

यंदा अमेरिकेतून, मुलाकडून पुण्याला परत निघालो तेव्हा सून म्हणाली, "बाबा, तिकडे इतकी जुनी नोट कोणी घेत नाही. इथंच बँकेत चेंज करू."

आपल्याकडे एका रात्रीत नोटा रद्द झालेल्या मी पाहिल्यात. ही पण गेली असेल तर?

मुलाच्या गावातल्या, ट्रॉयच्या बँकेतल्या बाईने लाल डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

मीच हळूहळू म्हणालो, "माय वाइफ. प्रेयर."

ती हसली. "नोट चांगली आहे, सर. आमच्या जुन्या नोटा रद्द होत नाहीत. बदली नवी देते. ही मात्र डाग पडलेली म्हणून नष्ट करतील."

मी हात पुढे केला. "मग राहू दे."

"अहो बाबा, मग आलो कशाला?" सून म्हणाली.

"चालते का, एवढंच विचारायला."

बाईने नोट जपून कोऱ्या पाकिटात घातली. "वाइफना सांगा, अजून चालते."

त्या गेल्या, हे मला तिला सांगवलं नाही. दोनदा थँक यू म्हणालो. घरी येऊन नोट मंडळींच्या फोटोपुढे ठेवली आणि निरोप पोचवला.