गाणाऱ्या जहाजावर एक ग्रंथपाल

…नाही, टाळ्यांना माझी ना नाही हो! शिट्ट्यासुद्धा एकवेळ समजू शकतो. पण सिनेमा सुरू व्हायच्या आधी? पडद्यावर अजून ‘कृपया मोबाइल बंद ठेवा’ चाललंय, आणि अख्खं थिएटर त्या मोबाइलवाल्या बाईला ‘होऽऽऽ!’ म्हणून ओरडून उत्तर देतंय! वर एकानं वन्समोअर मागितला! तुम्हाला सांगतो, माझं उभं आयुष्य वाचनालयात गेलं. आमच्याकडे कुणी पान जरा जोरात उलटलं तरी मी चष्म्यावरून बघतो. आणि मी येऊन बसलो कुठे? तर तिकिटावर चक्क छापलंय – ‘आरडाओरड्याचा खास खेळ’!

आणि आमच्या कन्येची अट एकच. ‘बाबा, तू फक्त काही करू नकोस!’

आता तुम्ही म्हणाल, गेलातच कशाला? अहो, तिनं बोलावलं! पंधरा वर्षांची मुलगी स्वतःहून बापाला बोलावते, याचा अर्थ कळतो का तुम्हाला? पूर्वी हीच मुलगी सकाळी डोळे उघडल्यापासून माझं डोकं खायची. ‘बाबा, माशाला तहान लागते का?’ आणि आता गेले वर्षभर काय? ‘हं.’ जेवलीस का? ‘हं.’ शाळा? ‘हं.’ जरा लांबलचक गप्पा झाल्याच तर ‘माहीत नाही’, आणि दार बंद! रडू यायचं हो मला त्या दाराकडे बघून. अशात तिच्या मैत्रिणीला ऐनवेळी ताप आला, आणि एक तिकीट उरलं. कुणाचा ताप कुणाच्या पथ्यावर पडेल, सांगता येत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार!

बायको दारातच सूचना देत होती. “तिला मधे मधे काही विचारू नका. मोठ्यानं हसू नका. आणि घोरू तर मुळीच नका.”

“श्वास घेऊ का?”

“हळू.”

बरं, सिनेमा कसला? तर जपानी. मी फक्त ‘कार्टून’ म्हणालो, तर कन्येनं असं बघितलं की जणू मी तिच्या दैवताला ‘ए’ म्हणून हाक मारली. “ॲनिमे, बाबा!” आकाशात उडणारं एक जहाज, त्यावर सगळी मंडळी गाणारी. वादळ आलं, गा. शत्रू आला, गा. सुकाणू तुटलं, आधी गा, मग दुरुस्त करा! ही गोष्ट म्हणे कन्येच्या जन्माआधीपासून चालू आहे. मालिका झाल्या, मालिकांच्या मालिका झाल्या, आणि आता हा मोठा संगीत सिनेमा.

माझ्या शेजारी एक गृहस्थ. पोट सुटलेलं, दाढी पिकलेली, आणि डोक्यावर कमरेपर्यंत रुळणाऱ्या निळ्या केसांचा टोप! दिवसा दातांचे डॉक्टर आहेत म्हणाले. मी पटकन तोंड मिटलं. तर त्यांनी माझ्या हातात एक दिव्याची कांडी कोंबली. “काका, पहिल्यांदा ना? सोपंय! कप्तान गायला लागली की लाल. तिचा भाऊ गायला की हिरवा. जुळ्या बहिणी आल्या की एक झटका गुलाबी, एक झटका जांभळा. चुकायचं नाही हं! चुकीचा रंग म्हणजे अपमान!”

आता आली का पंचाईत! इकडून डॉक्टर म्हणतायत हलवा, तिकडून कन्या दातओठ खाऊन पुटपुटतेय, ‘बाबा, तू फक्त काही करू नकोस!’ मी कांडी मांडीखाली दाबून ठेवली. तर ती तिथे आपोआप रंग बदलायला लागली! माझी खुर्ची हिरवी काय, गुलाबी काय… मी बसल्या बसल्या सणासुदीची रोषणाई!

आणि सिनेमा सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! कप्तान नुसती शिंकली, तरी टाळ्या! खलनायक आला तर ‘आलास का मेल्या!’ म्हणून एक आजीबाई पर्स उगारून उभ्या! आणि माझ्या मागे एक शिट्टीवाला. त्याला शिट्टी येत होती, एवढंच त्याला माहीत होतं. कधी थांबायचं ते माहीतच नव्हतं. माझ्या उजव्या कानात फुर्रर्र! मी सहन केलं. फुर्रर्र! मी देवाचं नाव घेतलं. मोठं गाणं संपलं, वादळ हरलं, सगळे ओरडून ओरडून दमले, क्षणभर श्वास घ्यायला थांबले, आणि हा पठ्ठ्या पुन्हा गाल फुगवतोय… आणि सवय हो! जित्याची खोड! माझा हात आपोआप ओठांवर गेला, मी वळलो, आणि—

“श्श्श्श्श!”

साधासुधा नव्हे! चार कपाटांपलीकडे कुजबुजणाऱ्याला गार करणारा! अख्खं थिएटर चिडीचूप. शेकडो डोकी माझ्याकडे वळली. कन्येनं तोंड हातांत लपवलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता ‘हं’सुद्धा गेलं.

आणि त्या शांततेत पडद्यावर कुणीतरी गुणगुणलं.

बारीक, खरखरीत आवाज. जहाजाचा आचारी! हा आचारी, मला नंतर कळलं, इतकी वर्षं एक शब्द बोललेला नाही. कोपऱ्यात भाजी चिरायची, बस्स. त्याला कधी गाणंच नाही, म्हणून त्याला रंगही नाही. आणि तो म्हातारा रिकाम्या ताटांकडे बघत गायला लागला. खाली अक्षरं आली – ‘जेवलात का रे सगळे?’

इतकंच हो! आरडाओरड्यात कुणाला ऐकूही गेलं नसतं. कुठला रंग लावावा कुणाला कळेना, म्हणून एकेकानं कांडी विझवली. सगळीकडे अंधार. डॉक्टर माझ्या खांद्यावर हमसून हमसून रडतायत, निळे केस माझ्या तोंडात. मागचा शिट्टीवाला नाक ओढतोय. आणि माझ्या बाहीला काहीतरी लागलं. बघतो तर कन्येचा हात! घट्ट धरून ठेवलेला. मग काय, मीही रडलो. इस्त्रीच्या शर्टाची पार वाट लागली.

बाहेर आल्यावर पोरांनी मला घेरलं. “काका, तुम्हाला कसं कळलं तो आता गाणार? तुम्ही अगदी पहिल्या मालिकेपासूनचे का?” मी सांगणार होतो, बाबांनो, मी त्या शिट्टीवाल्याला दटावत होतो. तेवढ्यात कन्या पुढे झाली. “माझे बाबा आहेत ते!” आता इतक्या अभिमानानं ‘माझे’ म्हटल्यावर कुठला बाप खरं बोलेल?

आता म्हणे प्रत्येक खेळाला तो प्रसंग आला की सगळं थिएटर ओठांवर बोट ठेवून ‘श्श्श’ करतं. रीतच पडली. लोक माझ्या नावानं ‘श्शकाका’ म्हणतात, म्हणोत बापडे. माझं काम झालं! त्या दिवशी घरी येईपर्यंत कन्या बोलत होती. जेवताना बोलत होती. पहिली मालिका, दुसरी मालिका, जुळ्या बहिणी खरं तर जुळ्या नाहीतच, आचाऱ्याचं पूर्वायुष्य… आज इतके दिवस झाले, थांबलेली नाही! मी दात घासतो, ती दाराबाहेरून सांगतेय. मी झोपलो, तर उशाशी बसून सांगतेय. बायकोनं कानात कापूस घातलाय. काल मात्र अगदी असह्य झालं. दोन्ही हात जोडले आणि कळवळून म्हणालो, “श्श्श…”

तर तिनं पटकन घरातले सगळे दिवे घालवले, आणि आचाऱ्याचं गाणं म्हणायला सुरुवात केली. पहिल्या कडव्यापासून!