बेंबीच्या डाव्या अंगाले

कलाबाई : तठीच उभे राहा. ओट्यावर पाय नोका ठेवू.

तेजराम : काकू, पाचच मिनिटं. तुमसरवरून सकाळची यष्टी धरून आलो.

कलाबाई : पंधरा वर्षं झाले, भासऱ्याच्या, ह्यायच्या मोठ्या भावाच्या, घरचं कोनी ह्या दारात आलं नाही. आज मायलेक संगच आले. कोन मेलं?

चंद्रभागाबाई : पाह्य, कशी बोलते! मी म्हनलं होतं तेजराम, ह्या करनीवालीच्या दारात जाऊ नोको. तिनं बाप खाल्ला, आता तुले खाईन.

कलाबाई : मंग बाई, तुम्ही कायले आल्या?

चंद्रभागाबाई : पोरगा एकटाच येतो म्हने. एकटा कसा धाडू? त्याचा बापबी तुह्या घरी एकटाच आल्ता.

तेजराम : माय, तू चूप राह्य. काकू, माह्या पोटातली नस फुगली आहे.

कलाबाई : तं मले काय सांगून राहिला? डाक्टरले सांग.

तेजराम : डॉक्टरनंच धाडलं. चैतात मिलमधी पट्टा चढवता चढवता कमरेत कळ आली. मुतखडा असन म्हनून नागपूरले सोनोग्राफी केली. पोटाले थंडगार मलम लावते, त्यावर यंत्र फिरवते, आन् आतलं सारं पडद्यावर दिसते. मुतखडा बारकाच निघाला. पन पाठीच्या कन्याले लागून रक्ताची मोठी नस राहते. ते अंगठ्याएवढी पायजे, माही लिंबाएवढी दिसली. तवा चार सेंटिमीटर होती. परवा पुन्हा पाह्यली तं साडेचार. फुटली तं मानूस तासाभरात जाते.

चंद्रभागाबाई : आपल्या मनानं फुगन का नस? कोनाची तरी नजर...

तेजराम : माय! काकू, डॉक्टर म्हनते, एवढीशी असन तं एरवी आम्ही थांबतो. सहा महिन्यानं पुन्हा फोटो काढतो, कारन आपरेशनमधीबी जीव जाऊ शकते. पन मंग त्यायनं इचारलं, बाप कशानं गेला? मी म्हनलं, अचानक. ते म्हनले, अचानक म्हंजे कसा? पाठ दुखत होती का? पोटात काही उडत होतं का? बापाची हेच नस फुटली असन, तं तुह्यी थांबन्यासारखी नाही. मले काहीच सांगता आलं नाही.

कलाबाई : मंग?

तेजराम : बाबा गेले तवा त्यायच्याजवळ कोन होतं?

कलाबाई : तुले मालूम आहे.

तेजराम : तू होती. एकटी.

कलाबाई : हेच तं मी पंचाइले सांगत होती. पोटात गोळा होता, पाह्यला म्या. ऐकलं का कोनी? तुह्या मायनं कातरीनं माहे केस कापले. आन् माहे हात मागून कोनं धरले होते, तेजराम?

तेजराम : म्या.

कलाबाई : मोठ्यानं बोल.

तेजराम : म्या धरले होते, काकू.

चंद्रभागाबाई : धरले तं धरले! धडधाकट मानूस हिच्या घरी जेवला आन् हिच्याच घरून खाटेवर आला. माह्या जागी दुसरी असती, तं तिनं काय केलं असतं?

कलाबाई : रडली असती.

चंद्रभागाबाई : चाल रे तेजराम. ऐकून घ्याले आलो का आपुन अठी?

तेजराम : तू जाय. मी नाही येत. पंचेचाळीसचा झालो मी, बाबा पन्नासात गेले. काकू, पाया पडतो तुह्या.

कलाबाई : पाया पडून माहं काय होते? कागद आनला का?

तेजराम : आनला.

कलाबाई : मंग लिही. मी सांगीन तसंच. एक अक्षर गाळू नोको.

तेजराम : सांग.

कलाबाई : एकाहत्तर सालचा धानाचा रोवना होता. तुहा काका चिखलनीचे बैल घेऊन बांधीत गेल्ता. भासरे भर दुपारी आले, म्हनले भूक लागली. मी पदर घेऊन वाढलं. जेवता जेवता त्यायनं पाठीले हात लावला. भिंतीकडं पाहून म्हनले, आठ दिवस झाले, पाठ आतून कुरतडल्यावानी दुखते. लिहिलं?

तेजराम : लिहिलं.

कलाबाई : हात धुवाले उठले आन् तठीच बसले. सदरा घामानं वला झाला. मी त्यायच्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पदर फेकला, फडकं तपवलं आन् पोटाले शेक द्याले गेली. बेंबीच्या डाव्या अंगाले गोळा लागला हाताले. उडत होता. पाखराचं पिल्लू मुठीत धरल्यावानी, ठोक, ठोक, ठोक. मंग ते एकदम वरडले. पोट पाहता पाहता दगडावानी झालं. तोंड पांढरं फट. गोळा उडाचा बंद झाला.

तेजराम : डाव्याच अंगाले? पक्कं?

कलाबाई : हाच हात होता माहा.

चंद्रभागाबाई : भासऱ्याच्या पोटाले हात लावला तुनं?

कलाबाई : लावला. जीव जात होता त्यायचा.

तेजराम : आठ दिवसापासून पाठ दुखत होती... माय, तुले मालूम होतं?

चंद्रभागाबाई : रोवन्याच्या दिवसात कोनाची पाठ नाही दुखत?

तेजराम : मालूम होतं का नाही, तेवढं सांग.

चंद्रभागाबाई : रोज रात्री तेल चोळून देत होती मी. अजून काय कराचं होतं?

तेजराम : आन् पंचाइसमोर म्हनली, सकाळपर्यंत काहीच नव्हतं झालं त्यायले?

चंद्रभागाबाई : तू बापाले सोडून मायची उलटतपासनी करून राहिला का?

कलाबाई : तुमचं भांडन घरी करा. कागद झाला ना? जा आता.

तेजराम : अजून एक आहे, काकू. डॉक्टर म्हनते, हे रक्तातून येते. सख्ख्या भावाचाबी फोटो काढा लागते. काकाले नागपूरले न्या लागन.

कलाबाई : ह्यायले काही नाही झालं. कापनीवर गेले सकाळीच.

तेजराम : मलेबी काही नव्हतं झालं.

कलाबाई : कधी जाता?

तेजराम : बुधवारी. माय, मी, काका आन् तू.

कलाबाई : येतो आम्ही. पन यष्टीत मी तुह्या मायजवळ बसनार नाही.

(बुधवार. नागपूरच्या दवाखान्यातला बाक. कलाबाईचा नवरा धनीराम आत कपडे चढवतो आहे.)

तेजराम : काकू, काकाची साडेसहा निघाली.

कलाबाई : तुह्यी साडेचार, आन् ह्यायची साडेसहा?

तेजराम : हो. डॉक्टरनं तीन खेप मोजली. म्हनते, आता थांबनं नाही. मुंबईले आपरेशन होते. फुगलेला तुकडा काढून नळी बसवते.

कलाबाई : आन् तुह्यं?

तेजराम : बाबाचा कागद दोनदा वाचला त्यायनं. म्हनले, नसच फुटली होती. सांगनाऱ्या बाईनं डॉक्टरवानी पाह्यलं. काकाच्या मांगं माहंबी कराचं.

कलाबाई : वाचते का मानूस?

तेजराम : शंभरातले नव्वद वाचतेत म्हने. नाही केलं, तं काकाचा दिवाळीपर्यंतबी भरोसा नाही.

कलाबाई : मंग करा. ह्यायले मी सांगीन. तुह्यं नाही ऐकनार ते. तुले पाह्यलं का अजूनबी मूठ आवळतेत.

तेजराम : मी मुंबईची चिठ्ठी घेऊन येतो.

चंद्रभागाबाई : कला.

कलाबाई : काय?

चंद्रभागाबाई : म्हंजे जेवनात काही नव्हतं.

कलाबाई : हे पंधरा वर्षानं इचारता?

चंद्रभागाबाई : मानूस गेल्तं माहं. कोनाचं तरी नाव घ्याच लागत होतं मले.

कलाबाई : तुमचं एक मानूस गेलं. माहं सारं गाव गेलं. विहिरीवर मी आली का बाया बादली उचलून जात. पोरीचं लगन लाखांदूरले नेऊन लावलं, कारन आपल्या करडी गावातलं कोनी मांडवात पाय ठेवत नव्हतं. पोरगी इचारे, माय, तुनं खरंच केलं का? पोटची पोरगी, बाई.

चंद्रभागाबाई : मी काय करू आता? गावात गेलो का तो कागद दाखव साऱ्याइले. सांग तू. मीबी हो म्हनीन.

कलाबाई : मी नाही सांगत. मी तवाच सांगितलं होतं. आता तुम्ही सांगा.

चंद्रभागाबाई : माह्या म्हातारीचं कोन ऐकते?

कलाबाई : तवा तं एका हाकेत ऐकलं होतं.