कूस बदलली की रक्त कमी पडलं?

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे संचालक आणि पाहुणे मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे सर, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि मागे चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी! सगळ्यांना नमस्कार. सरांनी मला बजावलंय, "कौतुक आवर." आवरते. मग उरतं काय? भांडण!

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. छातीला छोटं यंत्र बांधून लोक दिवसरात्र आपापली कामं करतात आणि त्यांच्या हृदयाची रेघ आमच्याकडे येते. हृदयाला रक्त कमी पडलं की ती रेघ खाली झुकते. पण माणसानं झोपेत नुसती कूस बदलली तरीही झुकते! कॉम्प्युटरला हा फरक शिकवायचा, तर आधी कुणीतरी प्रत्येक झुकावावर खूण करायला हवी: हा आजार, ही कूस. अशा खुणा केलेल्या नोंदींचा संग्रह सरांनी उभा केला. आज दूरदूरचे संशोधक आपापले प्रोग्रॅम त्यावर तपासून बघतात.

पद्धत सरांचीच. नोंदीवर नाव नाही, फक्त नंबर. दोघा डॉक्टरांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून खुणा करायच्या, मग समोरासमोर यायचं. आणि एकमत होईपर्यंत चहा नाही! वहिनी, सर घरी चिडचिड करत का यायचे, ते कळलं ना आता?

कुशीचे नमुने हवेत म्हणून एकदा आम्ही सगळ्या कर्मचाऱ्यांनीच यंत्र बांधून घेतलं. त्यातल्या एका नोंदीवरून आमचं जुंपलं. सर म्हणाले, "कूस." मी म्हटलं, "रक्त कमी पडतंय." सरांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पण मी हटले नाही. म्हटलं, "सर, रेघ हळूहळू उतरलीय, हळूहळू चढलीय. कूस बदलायला कुणी एवढा वेळ लावतं का?"

सर शांतपणे म्हणाले, "जाड माणूस असेल."

किटली गार झाली. शेवटी तिसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी माझ्या बाजूनं कौल दिला. आजार निघाला तर त्या माणसाला लगेच गाठायचं, हाही सरांचाच नियम. ऑफिसमधल्या बाईंनी नंबर बघून नाव सांगितलं. नाव सरांचं होतं.

सरांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "जाड आहे, एवढं तरी माझं बरोबर आलं." मग खुर्चीत टेकले आणि हळूच म्हणाले, "हिला कसं सांगू?" छातीत कधी दुखलंच नव्हतं हो त्यांच्या! तेव्हा मला रडू आवरलं नाही, आणि आत्ताही आवरत नाहीये.

ऑपरेशन वेळेत झालं. कामावर परत आले तेव्हा सरांचा पहिला प्रश्न, "माझी नोंद संग्रहात घातली की नाही?" घातली, सर. कुठल्या तरी अनोळखी माणसाचा जीव त्या रेघेनं वाचेल, असं मला मनापासून वाटतं.

मग सरांनी पुन्हा यंत्र बांधलं. पुन्हा दोन खोल्या, पुन्हा समोरासमोर. माझ्या सगळ्या खुणा: कूस. सरांच्याही सगळ्या खुणा: कूस. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही गरम चहा प्यायलो.

अध्यक्ष महोदया, बोलू दिलंत, आभारी आहे. वहिनी, सर आता तुमच्या ताब्यात. आणि सर, माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर त्याला आजार समजू नका. 'कूस' अशी खूण करा, आणि चला, चहा गरम आहे.