कंबर धरणारी टीम

आमच्या अंबरनाथच्या बास्केटबॉल टीमची बोंब काय होती, माहितीये? पोरं सगळी इथल्याच पालेगावची, कबड्डीत वाढलेली. समोरचा बॉल घेऊन आला, की ही सरळ त्याची कंबरच धरायची! शिट्टी, फाऊल, पुन्हा हार. शेवटी आम्ही कमिटीवाल्यांनी ठरवलं, नवा मॅनेजर नेमायचा.

पहिला आला तो उल्हासनगरचा, एकदम टकाटक. म्हणाला, "ये सब लडके निकालो. बाहेरून प्लेयर आणू."

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "मग टीमला अंबरनाथचं नाव तरी कशाला?"

मग आल्या बदलापूरच्या मोकळ मॅडम, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या. म्हणाल्या, "पोरं हीच राहतील. तुम्ही त्यांची पकड बघितलीत, चढाई कुठे बघितलीत? बॉल हातात द्या आणि सांगा, अंगाला हात लागू न देता घुसायचं. दोन-तीन वर्षं हरू. चालेल?"

मी म्हटलं, "मॅडम, हरायची आम्हाला प्रॅक्टिस आहे. या तुम्ही."

परवा त्यांची पहिली मॅच झाली. हरलोच. पण या वेळी फाऊल सगळे समोरच्यांचे. आमची पोरं हाती लागेनात, म्हणून तेच कंबर धरायला लागले!