रुखवतातली ॲम्ब्युलन्स

नाही, पण तुम्हीच मला सांगा, लग्न झाल्यावर मुलगी पहिल्यांदा माहेरी येते ती कशासाठी येते? पाय पसरून झोपायला, आईच्या हातचं गरम गरम खायला, सासरच्यांच्या नकला करून दाखवायला! आणि मी काय करून राहिली? मी सकाळपासून नाकाला रुमाल बांधून सोल्डरिंग करून राहिली! हातावर मेंदी तशीच आहे, आणि मेंदीतल्या मोराच्या बरोबर डोळ्यावर चटका! काहून? तर नागपूरहून सासूबाईंचा फोन. "अवंतिका बेटा, येताना ती ॲम्ब्युलन्स आठवणीने आणजो हो." लोकांच्या सासवा जबलपूरहून काय मागवतात? खोव्याची जलेबी मागवतात. माझ्या सासूबाई ॲम्ब्युलन्स मागवतात!

खरी नाही हो, तोंडं अशी काय करता... तळहातावर मावेल एवढी. मी स्वतः केलेली. वर निळा दिवा, लुकलुकणारा. पण मुद्दा तो नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे!

तुम्हाला सांगते, हे सगळं रुखवतापासून सुरू झालं. आमची शैलजा आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, इथे जबलपुरात, कांचघर भागात आमच्याच घरी राहते, आणि नात्यातल्या एकूण एक मुलीचं रुखवत तिने मांडलंय. डाळीची बदकं, सुपारीचे भटजी, क्रोशाचे रुमाल, साखरेची तुळस. माझं लग्न ठरलं तशी आत्या डाळ निवडायला बसली. मी म्हटलं, आत्या, थांब. मला तीन प्रश्नांची उत्तरं दे. एक, ही बदकं तू करून राहिली, मग पाटीवर 'वधूने केलेले' असं काहून लिहायचं? दोन, हुशारी दाखवायची ती फक्त मुलीनेच काहून? मुलाला हात नाहीत? आत्या म्हणाली, "आणि तिसरा?" तिसरा मी विसरले, कारण मला राग आला होता!

पण मुद्दा तो नाही. मी जाहीर केलं, रुखवत होईल, पण माझं होईल. मी छोट्या गाड्यांची मॉडेलं करते, कॉलेजपासूनचा नाद आहे, ते मांडीन. अग्निशमनाची गाडी, जेसीबी, कचरागाडी, ॲम्ब्युलन्स. ज्या गाड्यांच्या डोक्यावर दिवा कामासाठी असतो, मिरवायला नाही! बाबा म्हणाले, "एखादी लाल दिव्याची साहेबाची गाडी पण कर ना, छान दिसेल." मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही. आणि हेही सांगून टाकलं, एक गाडी नवरदेव करेल, स्वतःच्या हाताने. आणि वर पाटी लागेल, 'या टेबलावरचं सगळं खरं आहे. ज्याने जे केलं, त्याच्याच नावाने.'

आत्या सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अच्छा. आणि तो दिवा लुकलुकते का?"

लुकलुकते का! बाई, मी समानतेबद्दल बोलून राहिली!

आता तुम्हाला वाटत असेल, दिवा लावायचा त्यात काय एवढं? तांदळाएवढा एलईडी असतो. केसासारखी तार. गाडीचं छत पिनेने कोरायचं, आतून काळा रंग मारायचा, नाहीतर दिवा लागला की अख्खी गाडी कंदिलासारखी पेटते. खाली बटनाएवढा सेल, त्याच्या खाली चालू-बंद करायचं इटुकलं बटन. शिंक आली की सगळं पलंगाखाली! इथल्याच सदर बाजारात अनुपम भैयाचं दुकान आहे, इलेक्ट्रॉनिकच्या सुट्या भागांचं, तिथे माझ्या चकरा. त्याला म्हटलं, भैया, गाडीचं खालचं पान पारदर्शक प्लास्टिकचं पाहिजे, आतली एक न् एक तार लोकांना दिसली पाहिजे, लपवाछपवी नको. तो म्हणाला, "दीदी, शादी है कि जाँच कमेटी?"

आणि नवरदेव! वेदांग. स्वभावाने सोनं आहे, हो. पण हात? हात नाहीतच, हातांच्या जागी दोन पोळ्या लटकतात. मी त्याला ई-रिक्षा दिली, सगळ्यात सोपी. व्हिडिओ कॉलवर शिकवत होते. म्हटलं, एलईडीला दोन पाय असतात, लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस, दाखव. तर म्हणतो, "अगं, दोन्ही सारखेच आहेत." सारखे कसे असतील? "एक जास्त लांब होता ना, तो मी नखं कापायच्या कात्रीने बरोबर करून टाकला." मी श्वास घेतला. म्हटलं, हरकत नाही, दिव्याच्या कडेला एक चपटी बाजू असते, ती मायनस.  तर हळूच म्हणतो, "ती चपटी होती म्हणून मी पॉलिश पेपरने घासून गोल केली. चांगली दिसते आता."

रिक्षा शेवटपर्यंत लुकलुकली नाही. मी करून देऊ शकत होते का? एका मिनिटात! पण मग पाटीचं काय? तत्त्वाचं काय? म्हणून मी रिक्षासमोर चिठ्ठी ठेवली, 'ई-रिक्षा. केली : वेदांग. लुकलुकत नाही.'

चुकलं का माझं? खरं तेच लिहिलं ना? पण लग्नाच्या हॉलमध्ये सासूबाई आल्या, ती चिठ्ठी त्यांनी वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि म्हणाल्या, "मायबाई! आमच्या पोराचं असं काहून लिहिलं? बाकीच्यांचं लुकलुकते म्हणून लिहिलं काय?" मी म्हटलं, आई, बाकीच्यांचं दिसतंच. त्यांनी पर्स खटकन मिटली. तुम्हाला सांगते, तो आवाज जेवणघरापर्यंत गेला.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा शालूचा आहे. आत्याने माझं सगळं ऐकलं, पण एक अट घातली, "निदान खाली माझा शालू अंथरू दे. तुझ्या त्या कचरागाडीखाली काहीतरी शोभेचं असू दे." आत्याचा लग्नातला शालू, जरीने भरलेला. आणि त्या शालूचं एक दुखणं आहे. आईची बहीण, सिहोऱ्याची आमची बेबी मावशी, गेली कित्येक वर्षं प्रत्येक कार्यात, पंगत बसली की, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "शैलजाताईंचा शालू क्या सुंदर दिसतो ना! कोणी म्हणणार नाही की प्लास्टिकची जर आहे." आत्या हसते. नुसती हसते, आणि त्या दिवशी गोड खात नाही.

तर शालू अंथरला. गाड्या मांडल्या. मांडताना आत्याने ॲम्ब्युलन्स पुसली. "धूळ होती गं." धूळ गेली, आणि धुळीबरोबर खालचं बटन गेलं! खाली आता नुसती तारांची दोन उघडी टोकं. आणि मी? मुंडावळ्या बांधलेली, डोळ्यांसमोर मोत्यांचा पडदा, सोल्डरिंग कशी करणार? म्हटलं, राहू दे, ही बंदच राहील. ठेव तशीच.

लग्न लागलं. माझ्या शालूला वेदांगच्या उपरण्याची गाठ, मी जाईन तिकडे हा फरफटत. रुखवत पाहायला गेलो तर तिथे ही गर्दी! आणि ॲम्ब्युलन्स लुकलुकत होती.

बटन नाही! तारा सुट्या! आणि ही आपली लुकलुक, लुकलुक! बेबी मावशी दोन पावलं मागे, "भूत है इसमें!" मी गाडी उचलली, बंद. खाली ठेवली, सुरू. शेजारच्या पांढऱ्या चादरीवर ठेवली, बंद. शालूच्या काठावर, सुरू! आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओरडलेच, "आत्या! तुझी जर धातूची आहे! त्यातून वीज जाऊन राहिली! प्लास्टिक नाही गं!"

 आत्याने समोरच्या ताटातला एक अख्खा बुंदीचा लाडू उचलला आणि बेबी मावशीकडे बघत, सावकाश, खाल्ला.

आणि मग जे झालं... बाप्पा! माझं रुखवत संपलं, तपासणी केंद्र सुरू! "माझा पदर बघ गं." "माझी पैठणी आधी, मी कधीची उभी आहे." "अगं, हा ब्लाउजचा काठ लावून पाहा ना." रांग लागली! मी घसा फोडून सांगत होते, अहो, हिला फक्त धातू कळतो, तांब्याची खोटी जर असली तरी लुकलुकेल, ही काही सोनाराची परीक्षा नाही! कोण ऐकतं? बायका वरच्या पाटीकडे बोट दाखवून राहिल्या, "लिहिलंच आहे ना इथे, सगळं खरं आहे म्हणून!" अग्निशमनाच्या गाडीकडे कोणी बघेना. समानतेचं तर नावच नाही. वेदांगची रिक्षा कोणाच्या तरी पर्सखाली दबली.

बेबी मावशीची पैठणी? अंधार. "तुम्हारी गाडी खराब है!" आत्या म्हणाली, "परत लावून पाहू का, बेबी? गाडी कंटाळत नाही." तीन वेळा लावली. मावशीचा चेहरा असा झाला, आणि ती वळली, आणि म्हणाली, "अरे, पण नवऱ्या मुलीचा शालू पाहा ना! नागपूरवाल्यांनी आणलाय!"

मी अंगावर नेसले होते तो. सासूबाईंनी निवडलेला. दुकानात अर्धा दिवस बसून, चष्मा लावून, 'अस्सल जर, मी पारखून घेतली' असं सगळ्या नागपूरला सांगून आणलेला. आणि सासूबाई स्वतः पुढे आल्या, ताठ मानेने. "लाव बेटा. लाव."

मी पदरावर ॲम्ब्युलन्स टेकवली.

काही नाही.

जरा सरकवली. काही नाही.  सासूबाईंची मान तेवढीच ताठ, पण चष्म्यामागे डोळे... त्यांनी एकदा रिक्षाकडे पाहिलं, त्या 'लुकलुकत नाही'कडे, मग पदराकडे. आणि मला आत्या दिसली. किती वर्षं लाडू न खाणारी आत्या! आज मी खरं बोलले की पुढच्या प्रत्येक पंगतीत कोणीतरी म्हणणार, 'सुनेचा शालू क्या सुंदर, कोणी म्हणणार नाही...' आणि डोक्यावर माझी पाटी. माझ्याच अक्षरात! वादविवादात 'सत्य' या विषयावर ढाल जिंकलेली मुलगी मी! मी बोलणार होते हो, शप्पथ, माझं तोंड उघडलं होतं, मी "आई, हे असं आहे की" इथपर्यंत आले होते...

आणि लुकलुकली!

टाळ्या! सासूबाई म्हणाल्या, "पाहिलं?" कोणाला म्हणाल्या माहीत नाही, सगळ्यांनाच म्हणाल्या. मी खाली पाहिलं, तर ॲम्ब्युलन्सच्या पोटाखाली एक बोट. वेदांगचं. बोटात अंगठी, आमच्या बाबांनी घातलेली सोन्याची, जिच्यावरून मी घरात भांडले होते, मुलाला सोनं काहून द्यायचं म्हणून! ती अंगठी बरोबर दोन्ही तारांवर टेकलेली. ज्या माणसाला प्लस-मायनस कळत नाही, त्याने आयुष्यात पहिल्यांदा जोड बरोबर केला. आणि तोही खोटा!

नंतर जेवताना मी कानात म्हटलं, तू खोटेपणा केलास. तो म्हणाला, "मी फक्त बोट ठेवलं. तू काही बोललीस का?"

मी श्रीखंड वाढून घेतलं.

आता आजचं ऐका. सासूबाईंची रविवारी भिशी. "सगळ्या येऊन राहिल्या बेटा, सगळ्यांच्या साड्या तपासू. सुरुवात माझ्या सुनेच्या शालूपासूनच करू!" मी लगेच वेदांगला फोन केला, म्हटलं, रविवारी अंगठी घालून बस माझ्याजवळ. तर म्हणतो, "अंगठी? ती सैल होती गं, आईने लॉकरमध्ये ठेवून दिली." लॉकरमध्ये!

मग काय, गेले सदरला. अनुपम भैयाला म्हटलं, भैया, एक बटन दो. एकदम छोटा. जो बाहर से दिखे नहीं. आणि ते पारदर्शक पान बदलून काळं द्या. तो माझ्याकडे पाहत राहिला. "दीदी, आप तो बोलती थीं एक-एक तार दिखनी चाहिए?" मी म्हटलं, भैया, शादी के पहले बोलती थी.

तर ते बटन बसवून राहिली मी सकाळपासून. मागच्या चाकाजवळ बसवलं, करंगळीने दाबलं की लागतं, कोणाच्या बापाला कळायचं नाही, इतकं सफाईदार काम मी आजवर केलेलं नाही... हा बघा परत फोन. हां आई. हो आई, घेतली. काय? पाटी पण? 'सगळं खरं आहे' वाली? ...हो. आणते.

नाही, आता मुद्दा काही नाही. पाटीच्या खाली थोडी जागा आहे, तिथे बारीक अक्षरात लिहिते, 'ॲम्ब्युलन्स. केली : अवंतिका. लुकलुकते.'

खोटं आहे का यातलं एक तरी अक्षर?