नव्या गाडीचा पेढा

— नाही ओ काका, कुरियर नाही, तसं लिहू नका. पिशवीत पेढे आहेत. साताऱ्याचे कंदी, सकाळीच घेतलेत, उघडून दाखवू? नाव लिहा, अवधूत साळुंखे. गाव सातारा. गाडी नंबर? गाडी नाही माझ्याकडं. एसटीनं आलोय सांगलीपर्यंत, स्टँडवरून चालत. नानासोंना भेटायचंय. नाही, त्यांना माहीत नाही मी येणार ते. काम — कामाच्या रकान्यात काय लिहायचं? भेट लिहा. नुसतं भेट चालत नाही? शिस्त आहे हां तुमची. फौजेत होता ना? बूट बघूनच कळलं. आमच्या साताऱ्यात घरटी एक आहे, मला कळतं. मग जरा थांबा, काका, ते रजिस्टर तसंच उघडं ठेवा, काम काय ते मी सांगतो, पण एका शब्दात बसणार नाही ते.

ती गाडी — तिकडं पोर्चमध्ये, कव्हर घातलेली — तीच ना? नवी सेडान? किती दिवस झाले कव्हर काढून? ...तीन आठवडे. हं. म्हणजे त्या रविवारपासून. ती गाडी मी एकदा बघितलीय. बघितली म्हणजे — सांगतो. आमचा एक ग्रुप आहे, सेडानवेडे, सातारा-सांगली. पेजवर चार हजार माणसं आहेत, पण खरी वेडी चाळीसेक. महिन्यातल्या एका रविवारी पेठ नाक्याच्या अलीकडं हायवेच्या हॉटेलवर जमतो, ज्याच्याकडं गाडी आहे तो गाडी आणतो, ज्याच्याकडं नाही तो बोलतो. मी बोलतो. हसू नका — म्हणजे हसा, हसण्यासारखंच आहे. ऑटोमोबाइलची डिग्री आहे माझ्याकडं, गाडीच्या रेषेवर दोन दोन तास बोलू शकतो, आणि स्वतःची सायकलपण घरच्यांची.

आता ह्या गाडीचं असं झालं बघा. जुनं मॉडेल जे होतं ना हिचं, ते म्हणजे — कसं सांगू तुम्हाला — छप्पर पुढून निघायचं आणि मागं असं उतरत जायचं, कृष्णेचा घाट उतरतो ना पाण्याकडं, तसं. एक रेषा. कुठं तुटत नाही. आमच्या शंभूराजकडं आहे ती, वडिलांची, अजून ठेवलीय त्यानं पोरीसारखी. मी कॉलेजात असल्यापासून त्या रेषेच्या प्रेमात. आणि कंपनीनं काय केलं? नव्या मॉडेलला मागचं छप्पर वर उचललं. चांगलं चार बोटं. रेषा मोडली. पुढची जाळी केवढी मोठी, आत सगळे पडदेच पडदे, ते सोडा, ते सगळेच करतात — पण छप्पर! पहिला फोटो आला त्या दिवशी मी जेवलो नाही. खरंच सांगतो, आई म्हणाली, कोण गेलं का रे? ग्रुपवर नुसता धुरळा. पप्पूनं लिहिलं, पुढून उसाच्या चरकाचं तोंड दिसतंय. कुणी म्हणालं, मागून लोखंडी कपाट. आणि मी — मी लिहिलं, डालगं. कोंबड्या झाकतो ना आपण अंगणात, बांबूचं, ते. डालगं. झालं, तेच नाव पडलं गाडीला. पप्पूनं स्टिकर छापले — डालगं नको, रेषा हवी. मला वाटत होतं मी काहीतरी मोठं करतोय. सुंदर वस्तू कुणी बिघडवत असेल तर गप्प बसायचं नाही, समोर कितीपण मोठा असू दे — असं मला वाटतं, काका. अजून वाटतं. तेच तर अवघड झालंय.

पाणी आहे का जरा? ...राहू द्या, उठू नका, मी घेतो माठातलं.

तर त्या रविवारी नानासो आले. ती गाडी घेऊन. नवी कोरी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं झेंडूचा हार, आठ दिवसांपूर्वीच घेतलेली. अख्ख्या जिल्ह्यात पहिली. आम्हाला काय माहीत कोण नानासो — कोईमतूरला गलाईचा, सोनं गाळायचा धंदा, चाळीस वर्षं परमुलखात भट्टीपुढं काढली, आता पोरांवर सोपवून इथं आले, हे सगळं मला नंतर कळलं. पांढरा सदरा, टोपी, हातात पेढ्यांचा बॉक्स. कंदीच होते. नव्या गाडीचा पेढा. आता आपल्याकडं काय असतं? माणूस नवी गाडी घेतो, चार लोकांत पेढा वाटतो, आपण पेढा तोंडात टाकायचा आणि म्हणायचं, झकास आहे गाडी, लाभू दे. सायकल घेतलेली असली तरी तेच आणि विमान घेतलं तरी तेच. गाडी आवडली का नाही हा प्रश्नच नसतो तिथं. लहान पोराला कळतं हे. आणि आम्ही — मी — मी फोन काढून व्हिडिओ चालू केला आणि म्हटलं, डालग्याचा पेढा आम्ही खात नाही.

चाळीस माणसं हसली.

मी काय म्हणतो, मला कुठं माहीत होतं ओ? मला वाटलं पैसेवाला माणूस, नवी म्हणून घेतली, महाग म्हणून घेतली, ह्याला रेषेशी काय देणंघेणं. कुणी मला सांगितलं असतं की त्यांच्या मंडळींच्या, मनुबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, मानेला पट्टा आहे, वाकता येत नाही, जुन्या गाडीत बसताना डोकं आपटायचं, म्हणून नानासोंनी सहा गाड्या बघितल्या आणि ह्या एकाच गाडीत त्या सरळ मानेनं बसल्या — "पयल्यांदा बसताना डोईवरचा पदर न्हाई सरकला बघा हिचा" — हे जर मला कुणी...

काय? हे शब्द कुणाचे? ...नानासोंचेच.

कधी म्हणाले म्हणजे... नंतर. नंतर कधीतरी. नाही, नंतर त्यांची-माझी भेट नाही झालेली. तुम्ही बरोबर विचारताय.

आदल्या दिवशी फोन आला होता, काका. शनिवारी संध्याकाळी. पेजवर नंबर आहे माझा. सात मिनिटं बोलले. "तुमच्या पोरांची लय हौस बघतो मी मोबाईलवर, गाड्यांवर जीव हाय तुमचा. आमी नवी घेतलीया, दाखवाय आणू का? न्हाई, तुमी नावं ठेवताय तिला ते वाचलंय मी, पण एकदा बघा तर, मग ठेवा की नावं." आणि मग हे सगळं, पट्टा, डोकं आपटणं, पदर. सगळं सांगितलं. मी हो हो म्हणत होतो आणि दुसऱ्या हातानं पप्पूला मेसेज करत होतो — उद्या डालगं येतंय, सगळ्यांना बोलाव. सांगितलं मी तुम्हाला. हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रुपमध्ये सगळ्यांना मी सांगितलंय की मला काही कल्पना नव्हती. त्यांना खरं वाटतं. ते समजूत घालतात माझी.

आणि व्हिडिओत नानासो नाहीत. म्हणजे आहेत, पण मागं, धूसर. तुम्ही बघितलाय? ...नाही? बरं झालं. पेढ्याचा बॉक्स त्यांच्या हातात होता, पण पेढा देणार होत्या त्या. मनुबाई. मागच्या सीटवर बसलेल्या. त्यांनीच हट्ट धरला म्हणे, पोरांना माझ्या हातानं देते. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. मी कॅमेरा घेऊन पुढं, आतलं दाखवायला वाकलो — आणि फार वाकायलाच लागलं नाही, काका. मी सहा फूट आहे. शंभूराजच्या गाडीत मागं बसायचं तर मला घडी घालावी लागते अंगाची. इथं नुसता कमरेत जरा कललो आणि समोर त्यांचा चेहरा, अगदी समोरासमोर, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, गळ्याला तो पट्टा. एका क्षणात कळलं मला, छप्पर का उचललंय. चार वर्षं शिकलोय मी हे, कळणारच ना? त्या रेषेत खोट नव्हती. कुणीतरी कुठंतरी बसून म्हाताऱ्या माणसाच्या मानेचं माप घेतलं होतं. मला खरं म्हणजे तेव्हा बोलावंसं वाटलं की गड्यांनो, चुकलो आपण, या, बघा इकडं. आलं होतं तोंडापर्यंत. पण मागं चाळीस माणसं फोन वर करून उभी. कशाची वाट बघत होती, मला माहीत होतं. त्यांना मीच तशी सवय लावली होती.

त्यांनी पेढा पुढं केला. "घे रं बाळा." मी म्हणालो ते वाक्य. तेवढ्यावरच थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. लोक हसले तर मला अजून चेव आला. मी कॅमेऱ्याकडं वळून म्हणालो —

नको. नाही सांगत.

म्हणालो, डालगं उघडलं बघा, आत कोंबडी बसलीय.

बघू नका असं माझ्याकडं. बघा, बघा, काही हरकत नाही. सगळ्यात वाईट काय सांगू? त्यापण हसल्या. सगळे हसताहेत म्हणून. त्यांना वाटलं पोरांची काहीतरी गंमत चाललीय आपल्या गाडीवरून. हात तसाच पुढं, बोटांत पेढा, आणि हसताहेत. मग नानासोंनी पुढं होऊन त्यांच्या हातातला पेढा काढून घेतला, बॉक्समध्ये ठेवला, झाकण लावलं, दार लावलं. आवाजसुद्धा केला नाही दाराचा. चांगल्या गाडीचं दार तसंच लागतं, मला त्यावेळी तेपण सुचलं, काय माणूस आहे मी बघा.

व्हिडिओ अडीच लाख लोकांनी बघितला. मी लगेच काढला, असं सगळ्यांना सांगतो. अकरा दिवसांनी काढला. रोज सकाळी आकडा बघायचो. काढला कधी, तर साक्षीचा मेसेज आला तेव्हा. नातीचा, हो, तीच, कॉलेजला जाते ती. एवढंच लिहिलं होतं — आजीला त्याच रात्री कुणीतरी व्हिडिओ दाखवला. आजी आता गाडीत बसत नाही. मानेच्या व्यायामाला रिक्षानं जाते, दोन्ही हातांनी पट्टा धरून. शिवी नाही, काही नाही. शिवी दिली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं, मला उत्तरं देता येतात.

रिक्षानं जातात ना अजून? ...काल पण? ह्या रस्त्यावरनं? हे खड्डे बघत आलोय मी चालताना.

म्हणून आलोय. दुसरं काही काम नाही. त्यांना म्हणायचंय की बसा ओ गाडीत. तुमच्यासाठीच आहे ती, कंपनीनं दुसऱ्या कुणासाठी केलीच नाही असं समजा. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नका, पण त्या रिक्षात नका बसू. पेजवर लिहिणार होतो मी, मोठी माफी, मजकूर तयार आहे मोबाईलमध्ये, चांगला लिहिलाय. शंभूराज म्हणाला, टाक, लोक डोक्यावर घेतील तुला. तो तसं म्हणाला आणि मी मोबाईल खिशात घातला. म्हणून नाही टाकलं. म्हटलं, जिथं हसवलं चाळीस जणांना, तिथं रडवायचं अडीच लाखांना, आणि परत सगळ्यांच्या मध्ये कोण, तर मीच.

करा ना आत फोन. सांगा, अवधूत आलाय, तो व्हिडिओवाला. आणि काम विचारलं तर — थांबा, एक मिनिट. ही पिशवी. ही चुकलीच बघा. सकाळी दुकानात उभा राहून चांगले ताजे बघून घेतले आणि हे कळलं नाही? नव्या गाडीचा पेढा मी कसा नेणार? ज्याची गाडी त्यानं द्यायचा असतो. मी फक्त हात पुढं करायचा होता. हे इथं स्टुलाखाली ठेवतो, तुम्ही खा, नातवंडांना द्या. रजिस्टरमध्ये लिहा, हां, सापडलं — काम, पेढा खायला. लिहा तसंच. आत पण तसंच सांगा. मनुबाईंच्या हातचा पेढा खायला आलाय म्हणावं, त्या दिवशी राहिला होता.

लागला? त्याच आहेत फोनवर? स्वतः?

...

काय म्हणाल्या?

...पेढे संपले.

एवढंच? रागानं म्हणाल्या का? ...नाही. साध्याच. हं. बरोबर आहे की ओ, तीन आठवडे झाले, कशाला राहतील. आल्या-गेल्यांना वाटले असतील. ज्यांनी घेतले त्यांनी घेतले.

नाही, परत नका लावू फोन. मी काही हट्ट धरून बसणारा — नको. राहू दे. ती पिशवी मात्र ठेवा, परत साताऱ्याला नेऊन काय करू? ...घेऊन जा म्हणता. बरं. द्या इकडं.

सही कुठं करायची, इथं? आणि हे शेवटचं, बाहेर पडल्याची वेळ — हे कशाला भरायला लावताय, काका? आत गेलोच कुठं मी.